झगा, परकर आणि चारशे पौंड

“शेवटचा विचार करून घ्या. मी येईन ती अंगावरचा झगा आणि परकर एवढ्यानिशी. माझ्याबरोबर तुम्हाला मिळेल ते इतकंच.”

हे पत्र ऑगस्ट १७१२ मधलं. लिहिणारी लेडी मेरी पिअरपॉन्ट, वय २३, मार्क्विस ऑफ डॉर्चेस्टर या बड्या उमरावाची थोरली लेक. ज्याला लिहिलं तो एडवर्ड वर्टली माँटेग्यू, तिच्याहून ११ वर्षांनी मोठा, पार्लमेंटचा सदस्य, कोळशाच्या खाणींवर पैसा करणाऱ्या घराण्यातला. दोघं पळून जाऊन लग्न करणार होते. सहा घोड्यांची गाडी घेऊन या, मी आणि माझी मैत्रीण रस्त्याकडच्या गॅलरीत उभ्या असू, तुम्ही खाली थांबा, आम्ही उतरतो, इतपत बेत तिने आखून दिला होता.

झगा-परकराचं वाक्य पुढे खूप गाजलं, आणि गाजण्यासारखंच आहे. पण त्याच दिवसांत ती आणखीही काही लिहिते, ते सहसा कोणी उद्धृत करत नाही. काहीच न आणणाऱ्या बाईने कशाची अपेक्षा करावी हे विचित्र दिसेल, असं म्हणून ती अपेक्षा करतेच. मी ज्या रीतीने वाढले त्याला थोडंफार शोभेल असं जगता आलं पाहिजे. ज्या नातेवाइकांना दुखावून मी निघते आहे त्यांच्या दारात पुन्हा आश्रित म्हणून जाण्यापेक्षा मी मरण पत्करेन. या भीतीतून मला सोडवा, आणि सोडवणं जमत नसेल तर तसं सरळ सांगा. चार दिवसांच्या सुखासाठी जन्माचं दुःख ओढवून घेण्यापेक्षा मी तुमची न झालेलीच बरी.

माझी सगळी नोकरी बँकेत झाली. ठेवींच्या काउंटरवर मी अशा कितीतरी बायका पाहिल्या, ज्यांना नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा कळायचं की घराचं खातं कुठे आहे आणि त्यावर कोणाचं नाव आहे. म्हणून असेल, पण मला झग्या-परकरापेक्षा हे दुसरं मागणं जास्त धीट वाटतं. सगळं सोडून येते म्हणायला एक आवेग पुरतो. येते, पण तुम्ही गेल्यावर माझं काय ते आधी सांगा, हे पळून जायच्या आदल्या रात्री विचारायला डोकं शाबूत लागतं.

ही वेळ तिच्यावर का आली, ते समजण्यासाठी त्या काळची लग्नं कशी ठरत ते पाहायला हवं. इंग्लंडमधल्या उमरावांचं लग्न चर्चमध्ये लागायचं, पण ठरायचं वकिलाच्या टेबलावर. मुलीचा बाप एकरकमी पोर्शन द्यायचा. ती रक्कम मुलाकडच्यांच्या हातात पडायची आणि बऱ्याचदा मुलाच्या बहिणींची लग्नं उरकण्यात नाहीतर जुनी गहाणं सोडवण्यात जायची. बदल्यात मुलाकडचे लिहून देत की नवरा आधी वारला तर विधवेला हयातभर दरसाल अमुक इतकं उत्पन्न मिळेल. हे जॉइंचर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ढोबळ हिशेब हजाराला शंभर असा होता, म्हणजे बापाने १० हजार पौंड मोजले तर विधवेला वर्षाला हजार. नवरा जिवंत असताना तिच्या हातखर्चाची वेगळी रक्कम, तिला पिन-मनी म्हणायचे. हे सगळं लिहून घेणं भाग होतं, कारण कायद्याने बायको वेगळी व्यक्तीच नव्हती. लग्न लागल्याक्षणी तिची रोकड आणि चीजवस्तू नवऱ्याची व्हायची. करार नसेल तर विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याचं उत्पन्न मागता यायचं. जॉइंचर ठरलं की तो हक्क संपायचा.

आपल्याकडच्या याद्यांच्या बैठका मी पाहिल्या आहेत. मानपान, पोशाख, जेवणावळी, कोण कोणाला किती साड्या देणार, यावर दुपार जाते. पण मुलगा गेला तर मुलीचं काय, हा प्रश्न तिथे कोणी उच्चारला तर अख्खी बैठक अंगावर येईल, कसलं अभद्र बोलता म्हणून. इंग्रज उमराव मात्र साखरपुड्याआधीच जावयाच्या मरणाचा भाव ठरवत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोरडेपणाचा राग आला होता. आता तसा येत नाही. निदान तो प्रश्न टेबलावर तरी होता.

याच्यावर आणखी एक गाठ होती, आणि मेरीचं लग्न अडलं ते तिथे. सतराव्या शतकाच्या मध्यावर, यादवी युद्धात इस्टेटी जप्त होण्याची भीती होती त्या काळात, ओर्लँडो ब्रिजमनसारख्या कायदेपंडितांनी एक पक्का बंदोबस्त शोधून काढला. लग्नाच्या वेळीच नवरा मुलगा आपल्या जमिनीचा फक्त हयातीपुरता भोगवटादार व्हायचा, आणि खरा मालक ठरायचा त्याचा थोरला मुलगा, जो अजून जन्मालाही आलेला नाही. मधे विश्वस्त. बापाला जमीन विकता येत नाही, उधळता येत नाही, आणि नालायक निघाला तरी मुलाला डावलता येत नाही. घराणं टिकवायचं तर माणसावर विश्वास ठेवू नका, एवढाच त्याचा मथितार्थ.

वर्टलीने यावर सही करायला नकार दिला. जन्माला न आलेल्या पोराच्या पायाशी मी माझी मिळकत का ठेवू? तो मूर्ख निघाला तर? मुलगा बापाला जुमानणार कशाला? मार्क्विसचं उत्तर त्यांच्या पणतीने, लेडी लुईसा स्टुअर्टने, घरात ऐकलेलं पुढे लिहून ठेवलं आहे: तुमचं तत्त्वज्ञान छान आहे, पण माझी नातवंडं भिकेला लागलेली मला चालणार नाहीत. बोलणी फिसकटली.

हा फक्त खाजगी हट्ट राहिला नाही. वर्टली रिचर्ड स्टील आणि ॲडिसन या लेखकांच्या मित्रमंडळातला. लग्नातल्या करारमदारांवर त्याने काढलेली टिपणं स्टीलच्या हाती गेली आणि १७१० मध्ये ‘टॅटलर’ या नियतकालिकातल्या निबंधांत उतरली. मुली बाजारात लिलावाला काढल्यासारख्या विकल्या जातात, बापांच्या सौद्यात माणसं राहूनच जातात, असा त्यांचा रोख. म्हणजे एकीकडे हा गृहस्थ स्वतःच्या लग्नाची घासाघीस करतोय, आणि दुसरीकडे लंडनच्या कॉफीगृहांतून लोक त्याचीच बाजू छापील स्वरूपात वाचताहेत. स्वतःच्या भांडणाला सार्वजनिक प्रश्नाचं रूप देण्याची हौस पुरुषांना जुनीच.

मेरीला असं काही छापून आणायची सोय नव्हती. तिची जागा वडिलांच्या जेवणाच्या टेबलाच्या टोकाला होती. आई ती लहान असतानाच वारलेली. मोठ्या मेजवान्यांत घरची यजमानीण म्हणून मांस कापून वाढायचं काम तिचं. त्यासाठी शिकवणीला माणूस यायचा, आणि पाहुण्यांच्या वेळी सवड मिळणार नाही म्हणून ती स्वतः तास-दोन तास आधी जेवून घ्यायची. उरलेल्या वेळात ती ग्रंथालयात बसून कोणाला न सांगता लॅटिन शिकली. एपिक्टिटसचं भाषांतर करून ते १७१० मध्ये बिशप बर्नेटला पाठवण्याइतकं. जे आपल्या हातात नाही त्याची आस धरू नये असं शिकवणारा हा गुलामीतून आलेला तत्त्ववेत्ता तिने त्याच वर्षी निवडावा, यात मला योगायोग कमी दिसतो.

कारण त्याच वर्षी ती वर्टलीला लिहिते: माझ्यासारख्या मुली गुलामांसारख्या विकल्या जातात, आणि माझा मालक माझी काय किंमत लावेल हे मी सांगू शकत नाही.

तोवर त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला होता. आधी तो वर्टलीची बहीण ॲन हिच्या आडून चालायचा. मैत्रिणीची म्हणून आलेली पत्रं, पण मसुदा भावाच्या हातचा. ॲन वारली आणि आडपडदा संपला. मग सुरू झाली दोन वर्षांची जी पत्रं, त्यांना प्रेमपत्रं म्हणताना जरा अडखळायलाच होतं. तो संशयी. तुम्ही अमक्याशी हसून बोललात, तुम्हाला लंडनची झगमग आवडते, तुम्ही माझ्याबरोबर कंटाळाल. ती सावध. “मला आदर वाटू शकतो, मी मैत्रीण होऊ शकते, पण प्रेम करता येईल की नाही ठाऊक नाही.” माझ्याकडून सगळी मर्जी सांभाळली जाईल, सहवास सोपा जाईल, पण लाडिकपणाची अपेक्षा ठेवू नका, असंही बजावते. दर काही आठवड्यांनी दोघांपैकी एक हे शेवटचं पत्र म्हणून लिहितो, आणि दुसरा त्याला उत्तर देतो.

बरेच वाचक या जागी वर्टलीला पैशाचा लोभी ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. लोभी असता तर त्याने सही केली असती आणि भरभक्कम पोर्शन घेतला असता. शेवटी त्याने एक पेनी न घेता तिला नेलं, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. त्याला पैसा नको होता असं नाही. त्याला पैशावरचा ताबा हवा होता. रक्कम सोडायला तयार, अधिकार सोडायला नाही, असे खातेदार मी पाहिलेत. त्यांच्याशी बोलणं कंजुषांशी बोलण्यापेक्षा अवघड जातं, कारण ते स्वतःला तत्त्वनिष्ठ समजतात.

आणि तिचा ताबा कशावर? १७१२ च्या उन्हाळ्यात वडिलांनी दुसरं स्थळ पक्कं केलं. क्लॉटवर्दी स्केफिंग्टन, आयर्लंडमधल्या व्हायकाउंट मॅसरीनचा वारस. पिन-मनी, जॉइंचर, सगळं रीतसर. मेरीने हात जोडून सांगितलं की मला लग्नच नको, आयुष्यभर एकटी राहीन. वडील थक्क झाले. तुला सुख कशात आहे हे माझ्यावर सोडता येत नाही का? मग त्यांनी हिशेब सांगितला: हे स्थळ नाकारलंस तर दुसऱ्या कोणाशीही मी बोलणी करणार नाही, आणि माझ्या मरणावर आशा ठेवून बसली असशील तर तीही सोड, माझ्या मागे तुला वर्षाला ४०० पौंड मिळतील, जास्त काही नाही. एकटीने साधेपणाने राहायला ४०० पौंड त्या काळी कमी नव्हते. मार्क्विसच्या मुलीला मात्र ती हद्दपारी होती. नातेवाइकांनाही ती भेटली. त्यांचं म्हणणं सगळ्यांनीच काढलं असतं तसं: लग्नाआधी प्रेम कोणाला असतं, हळूहळू होईल सवय.

फिलिपा मंडी नावाच्या मैत्रिणीशी तिची एक सांकेतिक भाषा होती. मनातल्या माणसाशी लग्न म्हणजे स्वर्ग. जो सहन होत नाही त्याच्याशी म्हणजे नरक. आणि ज्याच्याबद्दल काहीच वाटत नाही त्याच्याशी झालं तर ते लिंबो, ख्रिस्ती कल्पनेतली अधांतरी जागा, जिथे यातना नाहीत आणि देवही नाही. दोन मुली एकमेकींना पत्रातून विचारताहेत, तुझं काय, नरक की लिंबो? यात गंमत आहे आणि ती गंमत फार वेळ टिकत नाही. स्वर्ग तिला कोण होता हे अभ्यासकांनाही नक्की सांगता आलेलं नाही, पण तो वर्टली नसावा असा अनेकांचा कयास आहे. मलाही तसंच वाटतं. वर्टलीबद्दलची तिची भाषा स्वर्गाची नाही. नरकातून निघायची एकच वाट समोर आहे आणि त्या वाटेवर उभा असलेला माणूस निदान पुस्तकं वाचणारा आहे, अशी ती आहे.

स्केफिंग्टनशी लग्नाचे कपडे शिवून झाले होते, दिवस ठरला होता. पळून जायचा पहिला बेत फसला. वडिलांना कुणकुण लागली आणि तिला विल्टशरमधल्या वेस्ट डीनला पाठवून द्यायचं ठरलं. वाटेतूनच ती वर्टलीबरोबर पळून गेली. “आपण करतोय त्याने मला कापरं भरतं. तुम्ही माझ्यावर कायम प्रेम कराल याची खात्री आहे ना? आपल्याला पस्तावा तर होणार नाही?” हे त्याच आठवड्यातलं.

पुढचं वैवाहिक आयुष्य मला थोडक्यात सांगायचं आहे, कारण ते बरंचसं थोडकंच होतं. वर्टली लंडनमध्ये राजकारणात, ती यॉर्कजवळ भाड्याच्या घरांत, पोटात आणि मग मांडीवर मूल. घर शोधा, पत्राला उत्तर द्या, मुलाची चौकशी तरी करा, अशी पत्रं ती पाठवत राहते. तिच्या एकुलत्या भावाचं लग्न वडिलांनी कोवळ्या वयात एका वारसदार मुलीशी लावून दिलं होतं. तो १७१३ मध्ये विशीत देवीने गेला. बहीण फ्रान्सिस वडिलांच्या संमतीने, रीतसर करारानिशी अर्ल ऑफ मारला दिली, आणि दुसऱ्याच वर्षी जावई स्टुअर्ट राजघराण्यासाठी बंड करून परागंदा झाला. पुढे फ्रान्सिसचं मन बिघडलं तेव्हा ती कोणाच्या ताब्यात राहणार यावरून मेरी आणि मारचा भाऊ यांच्यात कोर्टबाजी झाली. वेड्या बाईचा ताबा ज्याच्याकडे, तिच्या तनख्याची किल्ली त्याच्याकडे. पिअरपॉन्टांच्या घरात कराराचं लग्न सुखाचं आणि पळून जाऊन केलेलं दुःखाचं असा काही नियम बांधता येत नाही, उलटाही येत नाही.

१७१६ मध्ये वर्टली तुर्कस्तानात वकील म्हणून नेमला गेला आणि ती त्याच्याबरोबर गेली. तिथे देवी टोचण्याची रीत पाहून तिने आपल्या मुलाला टोचून घेतलं, ती कथा प्रसिद्ध आहे. मला त्याहून अड्रियानोपलहून १ एप्रिल १७१७ रोजी फ्रान्सिसला लिहिलेलं पत्र जवळचं वाटतं. बुरख्यातल्या बायकांना पाहून दया करणाऱ्या युरोपी प्रवाशांची ती त्यात टर उडवते आणि एक साधी गोष्ट नोंदवते: इथल्या श्रीमंत बायकांचा पैसा त्यांच्या स्वतःच्या हातात असतो, काडीमोड झाला तर तो त्या बरोबर घेऊन जातात, वर नवऱ्याला आणखी द्यावं लागतं. तिच्या निरीक्षणात अतिशयोक्ती आहे, ती फक्त वरच्या थरातल्या बायकांना भेटली होती. पण तिची नजर पहिल्यांदा कुठे गेली बघा. रेशीम, हमामखाने, कारंजी, सगळ्याचं वर्णन ती करते, आणि हिशेब मात्र नेमका टिपते.

तीन वर्षांनी तो हिशेब तिच्यावरच उलटला. साउथ सी कंपनीच्या शेअरांची हवा होती. रेमाँ नावाच्या फ्रेंच चाहत्याचे पैसे तिने त्यात गुंतवून दिले, १७२० मध्ये भाव कोसळले आणि तो भरपाई मागू लागला, नाहीतर तुमची पत्रं नवऱ्याला पाठवीन म्हणाला. पॅरिसमधल्या बहिणीला तिने त्या काळात लिहिलेली पत्रं वाचवत नाहीत. इंग्लंडमधली सर्वांत बोलकी, सर्वांत तल्लख बाई, आणि भीती कसली, तर नवऱ्याला एक व्यवहार कळेल याची.

१७३९ मध्ये ती युरोपात निघून गेली. कारण फ्रान्चेस्को अल्गारोत्ती नावाचा देखणा इटालियन, ज्याने तिला फारशी दाद दिली नाही. वर्टली आणि ती पुन्हा कधीच भेटले नाहीत, पण पत्रं थांबली नाहीत. मुलाची काळजी, तब्येत, पैशांची पोच. भांडण नाही, गोडवा नाही. तरुणपणी लाडिकपणा मिळणार नाही असं तिने सांगितलं होतं, सहवास सोपा जाईल असंही. दुसरी गोष्ट हजारभर मैलांवरून जमली.

आता मुलाकडे. ज्याच्या पायाशी वर्टलीला इस्टेट ठेवायची नव्हती, तो जन्मला १७१३ मध्ये, आणि बापाची शंका त्याने अक्षरशः खरी केली. वेस्टमिन्स्टर शाळेतून पुन्हा पुन्हा पळाला, एकदा थेट पोर्तुगालपर्यंत. सतराव्या वर्षी वयाने मोठ्या बाईशी लग्न केलं आणि तिला सोडलं. मग आणखी लग्नं. १७५१ मध्ये पॅरिसमध्ये जुगारातल्या फसवणुकीच्या आरोपाखाली तुरुंगात गेला. मार्क्विसचा करार झाला असता तर कोळशाच्या खाणी या मुलाच्या हातात गेल्या असत्या. वर्टली बरोबर होता, असं म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, आणि म्हणताना मला फार आनंद होत नाही. बापाला हवं तेव्हा तोडता येईल असा मुलगा, आणि बापाला तोडता येणार नाही असा मुलगा, हे दोघे एकसारखेच वाढले असते का? याचं उत्तर कोणत्याही कागदात नसतं.

वर्टली जानेवारी १७६१ मध्ये गेला. होरेस वॉलपोल या त्या काळच्या लेखकाने त्याच्या मृत्युपत्राचा तपशील एका पत्रात चघळत सांगितला आहे. मुलाला हयातभर वर्षाला १,००० पौंड. मेरीला, विधवेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या बदल्यात, १,२००. एवढ्या अफाट मिळकतीचा तिसरा हिस्सा सोडून ती हे काही घेणार नाही, अशी वॉलपोलची मल्लिनाथी. जवळपास बाकी सगळं मुलीकडे, लेडी ब्यूटकडे. तिनेही १७३६ मध्ये आईबापांच्या मर्जीविरुद्ध एका कमी पैसेवाल्या स्कॉटिश अर्लशी लग्न केलं होतं, आणि तो अर्ल १७६२ मध्ये पंतप्रधान झाला. म्हणजे १७१२ मध्ये ज्या मुलीने “मला भीतीतून सोडवा” म्हणून विचारलं होतं, तिला उत्तर मिळालं ४९ वर्षांनी, ते दोघं २० हून जास्त वर्षं वेगळे राहिल्यानंतर. बापाच्या चारशेपेक्षा तिप्पट. वॉलपोलने टोमणा मारला खरा, पण ती इस्टेटीसाठी झगडायला कोर्टात उभी राहिली नाही. सत्तरी उलटली होती, छातीत कर्करोग वाढत होता.

लंडनला परतताना वाटेत रॉटरडॅमला तिने एक काम मात्र न विसरता केलं. तुर्कस्तानची पत्रं नीट उतरवून तयार केलेल्या वह्या बेंजामिन साउडन नावाच्या धर्मोपदेशकाच्या स्वाधीन केल्या, तुम्हाला योग्य वाटेल ते करा म्हणून. ऑगस्ट १७६२ मध्ये ती वारली. पंतप्रधानांच्या सासूची पत्रं बाजारात यावीत हे घरच्यांना नको होतं, म्हणून त्यांनी साउडनला पैसे देऊन वह्या परत घेतल्या. पण साउडनकडे असताना दोन इंग्रज प्रवासी त्या एका रात्रीपुरत्या मागून घेऊन गेले होते, असं सांगतात. १७६३ मध्ये लंडनमध्ये पुस्तक छापून विक्रीला आलं, बायकांचा पैसा बायकांच्या हातात असण्याबद्दलच्या त्या पत्रासकट, आणि धडाधड खपलं. लेडी ब्यूटला थांबवता आली नाहीत ती ही पत्रं. आईची रोजनिशी मात्र तिच्याच हातात होती. ती तिने स्वतःच्या मरणाआधी जाळून टाकली.